पोच

वादळाचं नाव आम्हाला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही.
ते समुद्रावर जन्मलं, घाट चढताना दमलं,
निफाडात येईस्तोवर त्याच्यापाशी वारा उरला नव्हता,
नुसतं पाणी होतं.
ते त्यानं सगळं इथंच उतरवलं.

दारणेचं आणि गोदेचं एक झालं,
सायखेड्याच्या पुलाला कपाळ घासत गेलं,
आणि खाली नांदूरमध्यमेश्वरच्या फुगवट्यात
टेकवाडीचं बेट झालं.

मी तलाठी. माझ्याकडे यादी:
कुटुंबं एक्केचाळीस.
नाव वनखात्याची, पक्षी मोजायची,
तिच्या अंगावर रंगवलेला रोहित पक्षी
एका पायावर उभा.
वल्ही दगू पोटिंदेच्या हातात,
जो एरवी पाहुण्यांना दुर्बीण देतो आणि सांगतो, हळू बोला.

खोके द्राक्षाचे, वर छापलेलं ‘निर्यातीसाठी’.
आत पोहे, मीठ, तूरडाळ, काड्यापेट्या,
पंचवटीतल्या कुठल्याशा मंडळाचा चिवडा,
कॉलेज रोडवरून आलेले कपडे:
एक कोट, शाळेचा टाय,
उंच टाचेची एकच चप्पल.
दगूनं ती हातात घेऊन पाहिली
आणि परत ठेवली, नीट, जशी अंडी ठेवतात.

वाटेत पाण्याखाली विजेची तार होती,
द्राक्षबागेचे अँगल होते, नावेचा तळ खरवडणारे.
एका बाभळीच्या शेंड्यापाशी तो सवयीनं थांबला.
‘जांभळी पाणकोंबडी बसायची इथं,’ म्हणाला.
मग त्यालाच लाज वाटली बहुतेक.

टेकवाडी उभी होती शाळेच्या ओट्यावर.
कुणी धावलं नाही.
मी नावं वाचली. बर्डे सोमा. पिंपळे चिंधू. मोरे लंकाबाई.
चुली मोजल्या तर त्रेपन्न.
बारा घरं धरणाच्या गाळावरची,
पाणी हटलं की हरभरा पेरणारी,
पाणी चढलं की वर सरकणारी.
कागदावर ती जागा म्हणजे जलाशय.
जलाशयात कोण राहतं?

मी यादीकडे पाहत राहिले.
लंकाबाईनं तोवर पहिला खोका फोडला होता,
एका पितळी मापट्यानं पोहे मोजत होती.
त्रेपन्न ढीग.
माप शिगेला आलं की बोटानं सपाट करायची,
आणि बोटाला चिकटलेले पोहेसुद्धा
ज्याचे त्याच्या ढिगात झटकायची.

‘समदं ब्येस हाये बाई,’ ती म्हणाली,
‘पन शेरडांचं काय?’

शेळ्या वर्गात होत्या, बेचाळीस.
साक्षरतेचा तक्ता त्यांनी ‘ज्ञ’पासून खायला घेतला होता,
‘म’पर्यंत आल्या होत्या.
सरकारी किटात चारा नसतो.
नमुन्यात रकानाच नाही.

दुसरी खेप आम्ही उसाच्या वाढ्यांची नेली,
चांदोरीच्या एकाच्या बुडालेल्या शेतातून,
न विचारता.
(विचारायला तोही कुठल्या तरी गच्चीवर होता.)

संध्याकाळी सह्या घ्यायच्या राहिल्या होत्या.
शाईची डबी केव्हाच पाण्यात गेलेली.
‘आंगठाच पायजे ना?’
लंकाबाई खाली बसली,
ओट्याच्या कडेला साचलेल्या गाळात अंगठा बुडवला,
आणि ‘पोच’च्या रकान्यात टेकवला,
दाबून, जरा जास्तच वेळ.
मग सगळ्यांनी तसंच केलं.
बारा जणांनी पानाच्या मागच्या बाजूला.

परतताना दगूनं विचारलं, रोहित येतील का यंदा?
मी म्हटलं, मला काय माहीत.
त्याच्या पायापाशी ती चप्पल होती, परत आलेली.

चौथ्या दिवशी तहसिलात कागद दिला.
तोवर तो वाळून कडक झाला होता.
नायब तहसीलदारांनी दोन्ही बाजू पाहिल्या,
‘हे काय?’ म्हणून झटकला.

टेबलाच्या काचेवर
थोडी टेकवाडी सांडली.
शिपायानं फडकं आणलं.